एमिलला हवा असलेला फटका

एमिल गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाटण्यानं कोबी बडवत होते. दुसऱ्याच कुणाच्या तरी सिनेमात एकाचं डोकं फुटायचं होतं, त्याचा आवाज करत होते. फोनवर एमिलची मुलगी हाना होती. "पपा गेले, सकाळी, झोपेतच," एवढंच म्हणाली. फोन ठेवला आणि काय सांगू, इतका संताप आला की त्या कोबीचा पार चोथा केला. झोपेत गेला म्हणे! आयुष्यभर पडद्यावर या माणसानं एकालाही धड झोपेत मरू दिलं नाही. आता काही आठवडे झाले, तरी माझा राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

एमिल मूळचा ऑस्ट्रियातला, डोंगरातल्या खेड्यातल्या एका खाटकाचा मुलगा. व्हिएन्नात त्यानं पहिला सिनेमा दाखवला तेव्हा अर्धं थिएटर उठून गेलं आणि उरलेल्यातल्या एकानं त्याला बाहेर गाठून त्याचं नाक फोडलं. तो इंग्लंडला आला आणि इथलाच झाला. सिनेमे मोजकेच केले, पण प्रत्येकात एक घर आणि त्या घरात कुणीतरी कुणालातरी मारतंय. बंदुका नाहीत, पाठलाग नाहीत. जेवणाचं टेबल आणि माणसाचा हात, बस. समीक्षक त्याला विकृत म्हणायचे. सेटवर तो खुर्च्या भिरकावायचा हेही खरं. पण एका नटानं दुसऱ्याला खरं बोटही लावलेलं त्याला खपायचं नाही. मार सगळा पडद्याबाहेर. आपल्याला दिसतं ते उतू जाणारं दूध, आणि ऐकू येतो तो फटका. तो फटका करायचं काम माझं.

मी साताऱ्याची, लग्न होऊन लीड्सला आले आणि आवाजाच्या कामात शिरले. सिनेमातली पावलं, कपड्यांची सळसळ, मोडणारी हाडं, हे सगळं शूटिंगनंतर स्टुडिओत वेगळं करावं लागतं. बोटं मोडायची असली की इथे सगळे सेलरीच्या भाजीचे कडक देठच मोडतात. मी शेवग्याच्या शेंगा नेल्या. दुकानातले गुजराती काका म्हणाले, "सांबार का, बेन?" म्हटलं, "नाही हो, बोटं मोडायचीत." तेव्हापासून ते पिशवी लांबूनच सरकवतात. कवटीला नारळ. कानशिलाला ओली जीन्स पिळून फरशीवर धोपटायची. आई फोनवर करवादली, "अगं, अन्नाशी कसले हे खेळ! निदान खोबरं तरी वाया घालवू नकोस." नाही घालवलं. एमिलच्या सिनेमात फुटलेल्या डोक्यांच्या बर्फ्या त्याच्या अख्ख्या युनिटनं बोटं चाटत खाल्ल्यात.

शेवटचा सिनेमा त्याच्या स्वतःच्या घराचा होता. त्याचा बाप, त्याची आई. तोपर्यंत एमिलची फुप्फुसं कामातून गेली होती, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि डॉक्टरांनी हानाला स्पष्ट सांगितलं होतं की फार वेळ नाही. सगळं झालं होतं, फक्त बापाचा आईवर पडणारा फटका राहिला होता. तो मिळाल्याशिवाय सिनेमा पुरा होणार नव्हता, आणि मी काहीही केलं तरी एमिल मान हलवायचा. जीन्स झाली, कणकेचा गोळा झाला, मांसाची अख्खी तंगडी झाली. "हा सिनेमातला फटका आहे," तो म्हणायचा. "तो असा नव्हता."

एके दिवशी नळी काढून माझ्यासमोर उभा राहिला. "मला मार."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मार! घाबरतेस? इतकी वर्षं भाज्याच मारत आलीस!" आणि त्यानं टेबलावरचं सगळं खाली लोटलं. कणकेचं भांडं भिंतीवर आदळून माझ्या पायाशी आलं. मग माझाही तोल गेला. हातातली करवंटी मी त्याच्या अंगावर फेकली, त्याची कॉलर धरली आणि एक ठेवून दिली. सणसणीत. माझा हात झिणझिणला. त्याच्या पांढऱ्याफटक गालावर माझी बोटं उठली आणि हा माणूस मान तिरकी करून ऐकतोय! "नाही," म्हणाला. "हाही नाही."

मी मटकन खाली बसले. रडू येत होतं, चीड येत होती. तेव्हा कुठे तोंडातून निघालं, "अरे बाबा, पण तेव्हा तू होतास कुठे?"

त्यानं नळी पुन्हा नाकात घातली. मग म्हणाला, "कपाटात. बापाचे बूट वाजले की आई मला कोटांमध्ये ढकलून दार लावायची..."

कर्म माझं! इतकी वर्षं मी माइक मारणाऱ्या हातासमोर लावत होते, आणि यानं तो फटका ऐकला होता लाकडातून, लोकरीतून.

वापरलेल्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून एक जाडजूड कपाट आणलं, त्यात जुने लोकरी कोट टांगले, आत माइक लावला. एमिल हट्टानं आत जाऊन बसला. म्हटलं, "तुझ्या धापेनं टेक खराब होईल." म्हणाला, "दाबून धरतो." मी दार लावलं आणि तंगडीवर जीन्स हाणायला सुरुवात केली. हाणत राहिले, खांदा भरून येईपर्यंत. मग आतून टकटक झाली. दार उघडलं तर तो गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, चेहरा ओला. "हाच," म्हणाला. "आता नको मारूस."

फटका अचूक होता, पण रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक फटक्यावर त्याचा श्वास चढलेला. मी तो श्वास काढून टाकायला बसले, आणि नाही काढला. त्या प्रसंगासाठी एमिलनं त्याच कपाटाचं लागणारं दार चित्रित करून घेतलं होतं, पुढे नुसता काळा पडदा; त्या आतल्या मुलाला मी तोच श्वास दिला. एमिलला विचारायचं राहिलं. तोवर हानाचा फोन आला.

गेल्या आठवड्यात लीड्समध्ये सिनेमा दाखवला. हाना माझ्या शेजारी होती. बापाचे सिनेमे तिनं कधी शेवटपर्यंत पाहिलेले नाहीत. कपाटाचं दार लागलं, पडदा काळा झाला आणि बाहेर मार सुरू झाला. दोघंतिघं उठून गेले. हानानं माझं मनगट घट्ट धरलं.

"तो मुलाचा श्वास नाहीये," ती कुजबुजली.

"नाही."

फटका पडला. पुन्हा पडला. हाना ताडकन उभी राहिली आणि भर थिएटरात त्या काळ्या पडद्यावर ओरडली, "स्टॉप इट! लीव्ह हर!" कुणी तिला खाली बसवलं नाही, मीही नाही. बाहेर मार चालूच होता, आणि आत, कोटांमध्ये, एमिल श्वास दाबून धरायचा प्रयत्न करत होता... आणि त्याला तो धरता येत नव्हता.