मांडलेलं पान

या पानावरचे अनुभव मी रोज दुपारी वाचते. वाचते आणि बऱ्याचदा हसते, खोटं कशाला बोलू? माझे वडील खानापुरात शाळामास्तर होते. घरात कुणी भुताचं नाव काढलं की म्हणायचे, "कुठाय? आण बघू इकडं, पाढे म्हणवून घेतो!" अशा घरातली मी. आजही अमावास्येला केस मोकळे सोडून अंगणात बसते. तरी हे लिहायला घेतलंय, कारण गेल्या महिन्यात बेंगळुरूला लेकीकडे गेले होते तिथं एक गोष्ट घडली आणि रामनगरची ती दुपार परत डोळ्यापुढं आली. आधी रामनगरचं सांगते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझं लग्न होऊन मी जोयडा तालुक्यात, रामनगरला आले. सासरचं मूळ घर सुप्याचं. काळी नदीवर धरण झालं, जुनं सुपं पाण्याखाली गेलं आणि ही सगळी माणसं उठून रामनगरच्या नव्या वसाहतीत आली. सरळ रस्ते, सारखी घरं, झाडं अजून कंबरेएवढी. इतकं शांत की कुणाच्या घरात फोडणी पडली ते चार घरं पलीकडं कळायचं.

सासूबाईंना मी पाहिलंच नाही. इथं आल्यावर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. घरात हे आणि मामा, म्हणजे माझे सासरे. मामा म्हणजे सहा फुटी गडी, पण मी आले तेव्हा नुसता सांगाडा उरला होता. जेवायचेच नाहीत! सकाळी वाटीभर पेज, संध्याकाळी तीच. मी काय काय केलं नाही? भाकरी, वडे, माशाची आमटी... ताट पुढं ठेवलं की एक घास घेऊन म्हणायचे, "चांगलं झालंय गं पोरी, पन तोंडाला चव न्हाई." मला वाटायचं, माझ्याच हाताला चव नाही. मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून घ्यायची मी.

खरं दुखणं ह्यांनी एकदा सांगितलं. जुन्या सुप्यात प्रत्येक घरात जेवायच्या आधी पहिलं पान राखण्याचं असायचं. राखणा म्हणजे त्या जमिनीचा रखवालदार. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही. गाव उठलं तेव्हा देवळातले देव वाजतगाजत आणले, पण राखणा कसा आणणार? तो जमिनीचा, जमीन पाण्यात. जाणती माणसं म्हणाली, त्याला हलवता येत नाही. झालं! नव्या घरात पान मांडायचं बंद पडलं. आणि लगोलग सासूबाई गेल्या. मामांनी मनात गाठ मारून घेतली... राखण्याला बुडत्या घरात टाकून आलो, म्हणून ती गेली. आता मी तरी कशाला जेवू?

मला तेव्हा हे ऐकून राग आला होता. म्हटलं, चांगल्या जित्या माणसाला उपाशी मारणारी कसली ही श्रद्धा! डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं, असंच चाललं तर हा पावसाळा निघणार नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी मी हट्टच धरला. म्हटलं, घरचं गोड लागत नाही ना? चला, आज हॉटेलात जेवू. मामांना रिक्षात घातलं आणि बसस्टँडवर उतरलो. आता जायचं कुठं? एक उडपी हॉटेल, तिथं ही गर्दी! समोर मिलिटरी हॉटेल, म्हणजे मटण-मासळीचं. हे म्हणाले, "बाबांना मासे आवडतात, तिथंच जाऊ." मी म्हटलं, "त्या तिखटानं त्यांचं पोट बिघडेल!" नवराबायको भर रस्त्यात भांडायला लागलो. मामा बिचारे काठी टेकून उन्हात उभे. शेवटी तेच वैतागून म्हणाले, "आरं, जितं गर्दी न्हाई तितं चला की!"

गर्दी नाही अशी एकच जागा होती. वसाहतीच्या पार टोकाला गंगाक्काची खानावळ. गंगाक्का धारवाडकडची, कन्नड बाई, कडक शाकाहारी. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पाट मांडून चार माणसांना जेवू घालायची. आम्ही गेलो तेव्हा आत कुणीच नव्हतं. कोपऱ्यात दाराकडं तोंड करून एक पाट, त्यापुढं केळीचं पान वाढलेलं. भात, आमटी, वांग्याची भाजी, गरम वाफ येत होती. मला वाटलं, बाईनं खिडकीतून म्हातारं माणूस येताना पाहिलं आणि आधीच वाढून ठेवलं. केवढं कौतुक वाटलं मला तिचं! मी मामांना हात धरून त्या पाटावर बसवलं.

गंगाक्का हातात भाकऱ्या घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली.

"अय्यय्यो! काय केलासा हो हे! ते एडेचं पान हाय!"

एडे म्हणजे नैवेद्य. परक्या गावात घर थाटलं म्हणून ती रोज पहिलं पान त्या जागेच्या धन्याला मांडायची. कोण, कसला, तिला काही ठाऊक नव्हतं. आणि मी त्यावर माणूस बसवला होता! माझा विश्वास नसला तरी मी घाबरले, कारण मामांनी हे मनाला लावून घेतलं तर ते आता पेजसुद्धा सोडतील.

मी त्यांना उठवायला दंडाला धरलं. मामा म्हणाले, "हात लावू नको."

आणि जेवायला लागले. घास नाही, घासावर घास! आम्ही तिघं नुसती बघत उभी. मध्येच मान वर न करता त्यांनी विचारलं, "आमटीत तिरफळं कुनी घातली?"

गंगाक्का म्हणाली, "तिरफळ म्हणजे काय ते?"

"माशाच्या आमटीत घालत्यात ते. मासा ताजा हाय. नदीचा हाय."

"शिव शिव! माझ्या घरात मासा?" बाई अशी चिडली! भाकऱ्या ठेवून कमरेवर हातच ठेवले तिनं. "डाळ हाय ती! तुरीची डाळ!"

मी वाकून पाहिलं. डाळच होती. पिवळी, साधी. पण मामा काटे काढल्यासारखी बोटं चालवत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पान पुसून खाल्लं त्यांनी. मग म्हणाले, "तिच्या हातचं हाय. तुझ्या सासूच्या."

आता तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्या माणसाला भास झाला. मलाही तेच वाटलं असतं. पण हात धुवायला मी त्यांना मागच्या दारी नेलं, तांब्यानं पाणी घातलं आणि तो वास आला... तिरफळाचा! ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको, तो वास दुसऱ्या कशाचा असूच शकत नाही, बोटांवरून दिवसभर जात नाही. मी त्यांचा हात नाकाशी नेला. ह्यांनीही वास घेतला. गंगाक्काला म्हटलं, बघा. तिनं वास घेतला आणि तिचा सगळा राग उतरला. पदर डोक्यावर घेऊन आत गेली.

थोड्या वेळानं दुसरं पान घेऊन आली. म्हणाली, "धनी उपाशी ऱ्हायला की. अज्जा, तुम्हीच वाढा."

मामांनी स्वतःच्या हातानं भात वाढला, आमटी घातली, पाणी फिरवलं. मग त्या रिकाम्या पाटाकडं बघून, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं बोलले, "आलास व्हय रं बाबा? मला वाटलं, तू तितंच ऱ्हायलास."

त्या दिवसापासून आमच्या घरात पहिलं पान सुरू झालं. मांडायची मीच, पाढेवाल्या मास्तरांची लेक! आणि मामा जेवायला लागले. माझ्या हातचं, मागून मागून. आमटीला नावंही ठेवायचे, "मीठ कमी हाय, लक्ष कुठं हाय तुझं?" मला ते ऐकून इतकं बरं वाटायचं! तो पावसाळा निघाला, पुढचेही कितीतरी निघाले. मेघा झाली, तिला खांद्यावर बसवून बाजार फिरवला त्यांनी. तसला घास मात्र पुन्हा कधी मिळाला नाही. एकदा मी चिडवलं, "बसवू का परत गंगाक्काच्या पाटावर?" तर म्हणाले, "नको गं. तिनं एकदा जेवू घातलं, बास झालं. आता तुझं."

मी खुलासे शोधले नाहीत असं नाही. खिशात तिरफळं असतील म्हणून त्यांचा सदरा तपासला, तंबाखूची डबी निघाली. घरात त्या आठवड्यात मासा शिजला नव्हता. डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ. असतील! पण मग आम्हा तिघांच्या नाकांचं काय?

तर, बेंगळुरू. मेघा शांत अशा सोसायट्यांच्या भागात राहते. एक दिवस म्हणाली, आई, आज व्हिएतनामी जेवू. समोरासमोर दोन हॉटेलं. लेक-जावई फुटपाथवर उभे राहून मोबाईलवर स्टार मोजतायत, रिव्ह्यू वाचतायत, भांडतायत. मला हसूच आलं. मी आपली एका दारातून आत डोकावले. काउंटरपाशी खाली जमिनीवर, दाराकडं तोंड करून छोटासा लाल देव्हारा. पुढं उदबत्ती, वाटीत भात, वाटीत कसलंसं सूप, वाफ येत होती.

"इथंच," मी म्हटलं.

"आई, अगं याला रेटिंग कमी आहे!"

"असू दे."

मालकीणबाई व्हिएतनामच्याच. मोडक्या कन्नडमध्ये मी विचारलं, हे कुणाचं? हसून म्हणाल्या, "या जागेच्या देवाचं. तो आधी जेवतो, मग गिऱ्हाईक."

मेघानं मला खुर्ची ओढून दिली, पण मी दारातच जरा थांबले. देव्हाऱ्याला पाय लागू नये म्हणून बाजूनं आत गेले आणि मनात म्हटलं, मामा, बसा. इथंही पान मांडलंय.