कोऱ्या बर्फाचा फोटो

कल्याणजवळ मोहन्यात आमच्या चाळीसमोर एका तरुण पोराचा फोटो स्टुडिओ होता. माझं शिक्षण चौथी, पण फोटो बघायची अक्कल मला आहे. दर थंडीत हा दुकान बंद करून हिमाचलात जायचा, कोऱ्या बर्फाचे फोटो काढायला. बर्फावर एक पाऊल दिसलं की फोटो बाद. सवय इतकी मुरलेली, की चाळीतल्या रांगोळ्यांनाही तो लांबून वळसा घालायचा.

"माणूस नाही, तो फोटो कसला रे?" मी दरवेळी म्हणायचो.

"काका, माणसं बघायला कल्याण स्टेशन आहे की!"

एका वर्षी तो परतला आणि दुकानाच्या काचेत एकच फोटो लावला. पांढऱ्याशुभ्र उतारावर मधोमध पावलांची रांग.

"हा कसा बिघडला रे?"

"पलीकडे एक म्हातारी मोळीसकट पडलेली, काका. तिला उठवायला धावलो. माझीच पावलं ती."

"मग लावलास कशाला?"

तो काच पुसत राहिला. "तीन थंड्या थांबलेलो या उतारासाठी," एवढंच म्हणाला.

त्याही फोटोत माणूस नाही. पण मी आता तसं म्हणत नाही.