गंधकाचे वैरी

मी आज जो काही आहे तो बालीगंजच्या काकांमुळे, आणि इतका सरळ माणूस इतक्या वाकड्या नळ्यांत गुंतलेला मी दुसरा पाहिला नाही. नात्याने ते माझे कोणीच नव्हते. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी वाशिमहून कलकत्त्याला आलो आणि खिदिरपूरच्या गोदीजवळ एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली लागलो. राहण्याचं ठरलं नाही असं म्हणालो, तर संध्याकाळी माझी ट्रंक बालीगंजला त्यांच्या घरी.

काकांच्या मते जहाजाच्या पोटात धडधडणारं इंजिन म्हणजे निव्वळ रानटीपणा. तेल जाळायचं नाही; वाफेबरोबर तापलेल्या निकेलवरून न्यायचं, हायड्रोजन काढायचा आणि इंधन-घटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, त्याची वीज करायची. मग जहाज कसं, हंसासारखं निःशब्द. कारखान्यात सारे त्यांना 'हायड्रोजनदा' म्हणत. प्रयोगाला तिथे एक खोली मिळाली होती. उरलेल्या नळ्या घरच्या व्हरांड्यात. निकेलला गंधक म्हणजे विष, आणि कांदा-लसणातही गंधक असतो, म्हणून घरातून कांदा-लसूण हद्दपार. महाराष्ट्र मंडळातल्या बायका त्यांना माळकरी समजून पाया पडत. काकू म्हणत, "लोकांकडे देव कोपतो, आमच्याकडे नळी कोपते." त्या वरच्या बंगाली बाईंकडे जाऊन कांदेपोहे करून खात आणि बडीशेप चघळत परतत. काका दारातच वास घेत.

एकदा मोठे साहेब प्रयोग पाहायला आले. पटला तर खोली राहणार, नाहीतर तिथे रंगाचे डबे. काकांनी गंधक नसलेलं मिथेनॉल सोडलं आणि त्याच्या विजेवर दिवा झकास लागला. साहेब खूश झाले. जाता जाता म्हणाले, पण जहाजात तर डिझेल असतं. काकांना नुसतं हसता आलं असतं. मी त्यांची बाही ओढली. त्यांनी "बरोबर आहे" म्हणून स्वतःच्या हाताने डिझेल सोडलं. डिझेलमधला गंधक निकेलला भोवला; दिवा मिणमिणला आणि विझला. खोली गेली.

बसमध्ये म्हणाले, "अरे, त्यांचा प्रश्न खरा होता. खऱ्या प्रश्नाला पाठ कशी दाखवायची?"

पुढे ते निवृत्त झाले. व्हरांड्यातल्या नळ्यांवर काकूंची लुगडी वाळू लागली. मला विशाखापट्टणमला नोकरी लागली ती त्यांच्याच शिफारशीने. तिथून मी लिहिलं:

"तीर्थस्वरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार. मला क्वार्टर मिळालं आहे. मागे मोठी पडवी आहे, नळ आहे, वारा भरपूर. डिझेलमधला गंधक आधीच कसा काढावा यावर मी वाचतो आहे, पण एकट्याला उमगत नाही. काकूंना घेऊन या. नळ्या गवतात नीट बांधून रेल्वेने पाठवा. मी स्टेशनवर जाऊन स्वतः उतरवून घेईन."