कुंकू लावलेली विधवा

ये गं पोरी, अशी जवळ बस. महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाहीस, अन् आल्या आल्या मोबाईलात खुनाची मालिका बघतेस? अगं, खुनाच्या टेलिफिल्ममध्ये मी स्वतः काम केलंय.

तेव्हा आम्ही वैजापूरला होतो. शूटिंग आमच्याच ओसरीवर होतं. मेलेल्या सावकाराची बायको होणारी नटी ऐनवेळी आजारी पडली, म्हणून डायरेक्टरनं मला धरलं. मला एकच वाक्य होतं, "साहेब, त्यांचं कुणाशी वैर नव्हतं." तीन दिवस घोकलं. मॅट्रिकलासुद्धा एवढं घोकलं नसतं. मी मॅट्रिकला बसलेच नाही, ते सोड.

शूटिंगच्या दिवशी डायरेक्टर म्हणाला, "वहिनी, कुंकू पुसा, बांगड्या काढा."

सासूबाई माजघरातून बाहेर आल्या. "माझा पोरगा धडधाकट जिता हाय. कुंकू पुसायचं कुणाच्या नावानं?"

डायरेक्टर बिचारा मोठा शिकलेला, पण सासूबाईंपुढं त्याचं शिक्षण कमी पडलं. मी कपाळभर कुंकू अन् कोपरापर्यंत हिरवा चुडा घालून प्रेताशेजारी बसले.

टेलिफिल्म लागली त्या संध्याकाळी शेजारच्या शाळामास्तरांच्या घरी गल्ली लोटली, कारण टीव्ही तेवढा एकच. माझं वाक्य ऐकायला माझी आई खास गंगापूरहून एसटीनं आली होती. तिला पुढं बसवलं. मी पडद्यावर आले, अन् शेजारची काकू ओरडली, "नवरा मेला अन् ही बया नटून बसली? हिनंच मारला त्याला."

झालं. गल्लीनं दहाव्या मिनिटाला तपास संपवला. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "मला तर आधीच हिचं लक्षण बरं वाटत नव्हतं." त्या गोंगाटात माझं वाक्य वाहून गेलं. शेवटी पडद्यावर विषाच्या बाटलीसकट डॉक्टरचा कंपाउंडर पकडला गेला, तरी कुणी मानेना. उलट हळहळले, "गरिबाला उगाच गुंतवलं."

आईनं कानाशी येऊन विचारलं, "तू बोललीस का गं काही?" मला रडूच आलं. टेलिफिल्म काय पुन्हा लागणार नव्हती.

सकाळी तिला स्टँडवर सोडायला गेले. ती खिडकीशी बसली. कंडक्टरनं घंटी मारली, तशी मी खालून मोठ्यानं म्हटलं, "साहेब, त्यांचं कुणाशी वैर नव्हतं." सगळी एसटी माझ्याकडं बघायला लागली. आईनं डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "लई छान बोललीस. खरंच वाटलं."

अख्ख्या जन्मात मला एवढीच दाद मिळाली, पण पुरली. तू मात्र आता दिवाळीची वाट बघत बसू नको. छावणीच्या स्टॉपपासून इथं घरापर्यंत रिक्षा मिळते, लवकर ये.