घाटावरचे तीन ठोके

"आगं ए, पाय काड पाण्यातनं! काड म्हंते न्हवं!"

"थांब की आज्जे. तीनदा ठोकलंय. आता येतीया बग सोनेरी मगर."

अंबूबाईनं नातीची, अंकिताची, वेणी धरली आणि शेवटच्या पायरीवरून तिला ओढत वर आणलं. आठ वर्षांची पोर. हातात अजून दगड. मागं दोन म्हशी घाटाच्या तोंडाशी खोळंबलेल्या.

कृष्णेच्या या घाटावर अंबूबाई चाळीस वर्षं म्हशी धुते. नदीत मगरी आहेत, हे गावात कुणी वेगळं सांगत नाही. पाण्यात पाय टाकायच्या आधी खालच्या पायरीवर दगडानं तीन ठोके द्यायचे, मग थांबायचं. मगर असली तर आवाजानं बाजूला होते, अशी इथली रीत. दोन वर्षांमागं मगरीच्या गोष्टीचा पिच्चर काढायला पुण्याची माणसं आली, तेव्हा त्यांच्या डायरेक्टरला ही रीत अंबूबाईनंच दाखवली. "लई भारी, आजी," म्हणत त्यानं वहीत लिहून घेतलं. तिला खुर्ची दिली, च्या पाजला. हौसाचं तेवढं तिनं सांगितलं नाही. पोराबाळांचा पिच्चर, त्यात अभद्र कशाला बोला.

गेल्या आठवड्यात सगळं घर सांगलीला जाऊन तो बघून आलं. त्यात पोरं पायरीवर तीन ठोके देतात, डोहातली हजार वर्षांची सोनेरी मगर वर येते आणि त्यांना पाठीवर घेऊन नदीखालच्या राज्यात जाते. थेटरात टाळ्या पडल्या. अंबूबाईनंही वाजवल्या. हाकलायचा ठोका बोलवायचा झाला, हे तिच्या ध्यानात आलं ते आत्ता, पोरीचे पाय पाण्यात बघून.

"तुज्यावानी आनी कोन ठोकतंय?"

"समदीच. काल साईराजनं बी ठोकलं. न्हाई आली."

अंबूबाई तिच्याजवळ पायरीवर बसली.

"हौसा म्हून माजी जाऊ हुती," ती म्हणाली. "तुज्या बापाला बी म्या ह्ये कदी सांगितलं न्हाई. त्या दिशी ठोकायची पाळी माजी. रानात भांगलायला जायचं हुतं, उशीर झाल्याला. म्हनलं, टाक गं पाय, काय हुतंय. तिनं घागर बुडवली आन् गेली. वराडली बी न्हाई. तिसऱ्या दिशी खाली गाळात लुगडं गावलं. तेवडंच."

अंकितानं पाण्याकडं बघितलं. "मंग पिच्चरमदली?"

"ती रबराची. म्या हात लावून बगितलीय. आतनं पोकळ हाय."

पोरीनं दगड मात्र सोडला नाही.

"शाळा सुटली की समद्या पोरास्नी आपल्या अंगनात बोलीव. त्यास्नी बी सांगते, त्येंच्या आयास्नी बी. आन् आता ठोक. ठोकून झालं की मागं सर."

पोरीनं तीन ठोके दिले. पलीकडच्या वाळूवर ओंडक्यागत काहीतरी पडलेलं होतं, ते हललं आणि आवाज न करता पाण्यात उतरलं. नुसती एक रेघ धारेबरोबर खाली सरकत गेली. पुन्हा न सांगता अंकिता दोन पायऱ्या वर चढली.

रेघ नदीच्या वाकणापलीकडं जाईस्तोवर दोघी उभ्या राहिल्या. त्यानंतरही अंबूबाई बराच वेळ थांबली. मग तिनं लुगडं वर खोचलं, म्हशी घासायला पेंढ्याचा बोळा हातात घेतला आणि पुढच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

"चल गं. ऊन चढलं."