सल्ला परत घेताना

लहान मुलाला काही विचारलं की बाई स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायच्या. ते मुलासाठी नसे, त्याच्या आईसाठी असे. मुलाच्या आधी आईच उत्तर देऊन मोकळी होते, हे तुम्हीही पाहिलं असेल. "थांबा ना ताई," बाई म्हणायच्या, "त्याले त्याचं बोलू द्या. आपल्याले कुठी गाडी पकडाची आहे?"

चंद्रपूरच्या आमच्या केंद्रात त्या उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलतं करायच्या. पलीकडच्या टेबलावर मी मुलांच्या हातापायांचे व्यायाम घेई. बाई शहरातल्याच एका मुस्लिम शिंप्याची लेक. त्यांच्या बिस्किटांच्या बरणीचं झाकण मुद्दाम घट्ट लावलेलं असे, म्हणजे मुलाला मागावंच लागे. मलाही सूट नव्हती. "तोंडानं मांगा, भाऊ."

एकदा ऊर्जानगरच्या क्वार्टरमधून एक माडिया आदिवासी जोडपं आपल्या मुलीला घेऊन आलं. मुलगी तीन वर्षांची, जेमतेम चार शब्द बोलणारी. वडील वीज केंद्रात नोकरीला. घरात भामरागडकडून आलेली आजी होती, तिला माडियाशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. बाईंनी त्यांना तेच सांगितलं, जे तेव्हा आम्ही सगळेच सांगत होतो. "घरी फक्त मराठी बोला. दोन भाषांत पोर गोंधळते."

त्यांनी ते तंतोतंत पाळलं. मुलगी बोलू लागली, शाळेत कविता म्हणू लागली. आम्ही त्यांचे पेढे खाल्ले.

काही वर्षांनी बाई एका प्रशिक्षणाहून परतल्या. दुपारी डबा उघडून तसाच ठेवला. "दोन भाषांनी बोलणं लांबत नाई म्हणे," त्या म्हणाल्या. "कितीतरी मुलांचा अभ्यास झालेला आहे. उलट, घरची भाषा तोडू नका म्हणतात. भाऊ, आपण किती घरची तोडली?"

केंद्राचे साहेब म्हणाले, यापुढे सल्ला बदला, झालं. बाईंचं तेवढ्याने भागेना. रविवारी त्या जुन्या मुलांच्या घरी जाऊ लागल्या. ऊर्जानगरला मी सोबत होतो.

आजी मागच्या दारात तांदूळ निवडत होती. बाई तिच्यासमोर खाली बसल्या. "माझं चुकलं. तुम्ही नातीशी तुमच्याच भाषेत बोला." मुलीच्या आईने ते माडियात सांगितलं. आजीने सूप बाजूला ठेवलं आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. आई घुटमळली.

"ती म्हणते, माझ्या बोलण्यानं पोरीले बाधा होते असं वाटलं. म्हणून मी गप राह्यली."

निघताना बाईंनी स्कूटीची चावी माझ्या हातात दिली. "तुम्ही चालवा. मले दिसून नाई राह्यलं."

त्यानंतर केंद्रात त्यांचा पहिला प्रश्नच बदलला. "घरी लेकराशी कोण कोण बोलते? कोणत्या भाषेत?" आजी-आजोबांना त्या मुद्दाम बोलावून घेत. गोंडी, तेलुगू, उर्दू, खोलीत नुसता बाजार भरे. बऱ्याच मुलांचं भलं झालं. ऊर्जानगरात मात्र उशीर झाला होता. आजी दोन शब्द बोलून थांबे, नात लाजून हसे. बाई जात राहिल्या. पावसाळ्यात आजी वारली.

आम्ही भेटायला गेलो, तेव्हा मुलगी बाईंना बिलगून बसली.

"बाई, शेवटच्या दिवशी आजी मले हात करून काही म्हणून राह्यली होती. मले वाटलं, पानी मांगते. मी पानी आनाले गेली."

"मग?"

"आई म्हणते, ती 'जवळ बस' म्हणत होती."

बाईंनी तिला पोटाशी धरलं.

पुढे त्यांच्या कंत्राटाची मुदत संपली. त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि ती जागा कुणी भरली नाही. अजून एखादी आई उशिरा बोलणारं पोर कडेवर घेऊन येते, रिकाम्या टेबलाकडे बघते आणि माझ्याकडे वळते. "घरी मराठीच बोलू ना, सर?" मी नाही म्हणतो. तुमच्या भाषेत बोला, भरपूर बोला, म्हणतो. एवढं मला सांगता येतं. मग ती पोराला माझ्यासमोर बसवते आणि वाट बघते. पुढचं मला येत नाही.