आधी माझ्या दारापुढं

लेक दर रविवारी कर्जतकडे जायला लागली, तेव्हा मला पहिला संशय आला तो एखाद्या मुलाचा. कुंभिवलीच्या एका कंपनीत ती ऑफिसात बसते, रविवारी तिला सुट्टी. विचारलं तर म्हणायची, "क्लास हाय गं आई." कसला क्लास? परत यायची तेव्हा घसा बसलेला आणि चेहरा फुललेला. त्यात मला भलतंसलतं विचारायची. "आई, परवा गॅसवाल्याला तू काय म्हणालीस गं?" मी सांगितलं की मोबाईलमध्ये टिपून ठेवायची. माझं बोलणं टिपून ठेवण्यासारखं असतं काय?

उत्तर जावेकडून मिळालं. तिचा नवरा कोंडाण्याच्या बाजूला एका रिसॉर्टवर टेंपोने भाजी पोचवतो. शिळफाट्याच्या बाजारात आम्ही सुकी मासळी घेत होतो, तिथेच ती म्हणाली, "तुझी पोरगी तिथं माइक घेऊन उभी ऱ्हाते. मुंबईची माणसं पोट धरून हसतात. आणि सगळं तुझंच गं! आई असं करते, आई तसं बोलते."

"माझं काय?"

"ते मला काय म्हाईत? आमच्या ह्यांना नीट सांगता येत नाय. सांगता सांगता हेच हसत सुटतात."

मासळीवालीही हसली. ती का हसली, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होते.

चार माणसांत जायचं म्हटलं की मला घाम फुटतो. लग्नातही मी मागे चुलीपाशीच असते. अशा बाईला उचलून परक्या लोकांपुढे ठेवलं होतं, तेही माझ्याच पोरीने. माझं नक्की काय दाखवते, ते कळेपर्यंत मला घास गोड लागेना.

हसवणारे मी पाहिले नाहीत असं नाही. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर एक नकलाकार यायचा. पुढाऱ्यांचे आवाज काढायचा, दोन कुत्र्यांचं भांडण एकटाच करायचा. तो गेला की कुणाचं काही बिघडलेलं नसायचं. जत्रेतल्या तमाशाचा सोंगाड्या आम्हा बायकांना लांबूनच ऐकू यायचा. शब्द कळायचे नाहीत, नुसतं पुरुषांचं हसणं यायचं, आणि मला तेव्हाही वाटायचं, आपल्यावरच असणार. शिमग्याची सोंगं मात्र दारात येतात. बाप्ये लुगडी नेसून, तोंडाला रंग फासून गावातल्या एकेकाची नक्कल करतात. आमच्या गावाची रीत अशी की ज्याची नक्कल, ती आधी त्याच्या दारापुढं करायची. त्याने तांदूळ घातले की मग गावभर फिरवायची. एका वर्षी माझ्या सासऱ्यांची चाल त्यांच्याच अंगणात चालून दाखवली. सासरे चिडले, तांब्याभर पाणी फेकलं, आणि मग तांदूळ घातले.

लेकीच्या खेळात लुगडं नाही, रंग नाही, ढोलकी नाही. आपल्याच कपड्यांत उभं राहायचं आणि "माझी आई" म्हणायचं. मिशीवाला बाप्या लुगडं नेसला की खोटं आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. हिचं खरं कुठे संपतं, ते लोकांना कसं कळणार?

पुढच्या रविवारी ती चप्पल घालत होती. मी दारात आडवी उभी राहिले.

"तिकडं काय करतेस, ते आधी माझ्या दारापुढं कर."

तिचा चेहरा उतरला. "कोणी सांगितलं तुला?"

"करतेस का नाय?"

मी ओट्यावर बसले. ती अंगणात उभी राहिली, पाण्याची बाटली माइकसारखी धरून. मी फोनवर कशी ओरडते, जणू बहिणीला डोंगरापलीकडून हाक मारतेय. न येणाऱ्या पाहुण्यांसाठी नवी चादर कपाटात कशी जपते. फोनचं ऐकून मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग एके जागी ती थांबली आणि भलत्याच गोष्टीवर गेली. घरमालकाने काठी उचलली की सोंगंही अशीच मधलं सोडून पुढे पळतात.

"मधलं काय गाळलंस?"

"काय नाय."

"तिथं गाळतेस का?"

 ती ओट्यावर चढून दाराआड गेली, नुसतं नाक बाहेर ठेवून. जाड्या आवाजात म्हणाली, "घरात कोण हाय का?" लगेच माझ्या आवाजात, "कोण नाय ओ घरात!"

पुन्हा जाड्या आवाजात, "मग बोलतंय कोण?"

"कोण नाय!"

गॅसवाल्याला मी हेच म्हणाले होते. सगळ्यांना हेच म्हणते. घरात मी असते, आणि कोणी नाही असं मीच सांगते.

"ह्याच्यावर हसतात?"

"सगळ्यात जास्त." मग हळूच म्हणाली, "पण नंतर कोण कोण रडतात पण, आई."

खरं असेल, नसेलही. पाणी फेकावंसं वाटलं, पण तांब्या जवळ नव्हता. आत गेले आणि मूठभर तांदूळ आणले. तिने ओढणी पसरली. ती गेल्यावर मात्र मी पुष्कळ वेळ ओट्यावरच बसून होते.

त्याच आठवड्यात, ती सकाळी कामाला निघायच्या घाईत असताना, मीटरवाला आला. "घरात कोण हाय का?" शब्द ओठांवर आले होते, ते गिळले. पदर सावरून बाहेर गेले आणि म्हटलं, "मी हाय."

त्याने मीटर बघितला आणि तो गेला. मागे वळून पाहिलं, तर लेक मोबाईलमध्ये काहीतरी टिपत होती.